बुधवारचा पाळणा

तुळसीनं त्या एका बुधवारची जेवढी आखणी केली, तेवढी लोक मुलीच्या लग्नाचीही करत नसतील. मैसूरबाहेर हूटगळ्ळीच्या पुढं खेळांचं नवीन पार्क झालं होतं, स्वप्नलोक नावाचं. घसरगुंड्या, पाण्याचे खेळ, झुकझुकगाडी, सगळं काही. मुक्ताच्या वर्गातल्या निम्म्या पोरी जाऊन आल्या होत्या, आणि नुसत्या आल्या नव्हत्या तर घरी येऊन टेंभा मिरवून गेल्या होत्या. त्या दिवसापासून मुक्तानं आईचा पदर धरला तो सोडलाच नाही. मुक्ता साडेसात वर्षांची, धाकटी जनी पाच वर्षांची. जनीला पार्क म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ताई रडते म्हणून तीही रडायची.

आता कुणी म्हणेल, दोन पोरींना घेऊन दिवसभर खेळायला जाणं, यात एवढं काय? म्हणणाऱ्यानं एकदा मे महिन्यात शिंप्याच्या घरात राहून बघावं. लष्कर मोहल्ल्यात खाली निवृत्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. शाळा उघडायच्या आधी सगळ्या गावाला युनिफॉर्म हवे असतात. तुळसीचा नवरा निवृत्ती तेव्हा मशीनवरून उठत नाही, आणि काजं, बटणं, हुक हे सगळं वर तुळसीच्या मांडीवर येऊन पडतं. नऊ वर्षांत ती या घरातून एकटी गेली ती दवाखान्यात, रेशनला, आणि देवळात. पोरींना घेऊन, कुणी सोबत नसताना, नुसतं हसायला म्हणून ती कधीच कुठं गेली नव्हती.

म्हणून तिनं अठरा दिवस आधीच कॅलेंडरवर खूण केली. पहिली खूण मंगळवारी होती. सासूबाई सोयराबाईंनी चष्मा लावून पंचांग बघितलं आणि म्हणाल्या, "मंगळवारी एकादशी आहे की गे. उपासाच्या दिवशी पोरी उन्हात हिंडणार काय? बुधवारी जा." तुळसीनं बुधवार केला. निवृत्ती म्हणाला, "मला तर युनिफॉर्म आहेत, तुझं तू बघ." तुळसीला तेच हवं होतं. बस कुठून धरायची, कुठं बदलायची, सगळं तिनं एका वहीच्या पाठीमागं लिहिलं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत असं कळलं, तर पुळियोगरे, म्हणजे चिंचभात, बसस्टॉपवरच खाऊन मग आत शिरायचं ठरवलं. उन्हाच्या आत पाण्याचे खेळ आणि दुपारी सावलीतले.

घोडं अडलं ते उंचीवर. मोठ्या खेळांना चार फूट उंची लागायची. निवृत्तीनं गळ्यातली टेप काढून दोघींना दाराशी उभं केलं. मुक्ता कशीबशी अठ्ठेचाळीस इंच भरली. जनी एक्केचाळीस. म्हणजे मुक्ता एका खेळात बसणार, तर जनी बाहेर, आणि जनी झुकझुकगाडीत बसणार, तर मुक्ता नाक मुरडणार. तिघींना एकत्र बसता येईल असा एकच खेळ निघाला, तो म्हणजे आकाशाला टेकणारं ते मोठं चाक. आई जवळ असली तर लहान मूलही चालतं, असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं. तुळसीनं वहीत त्याच्याभोवती दोनदा गोल काढला.

"अम्मा, सगळ्यांत शेवटी जायंट व्हील, हो ना?" मुक्तानं विचारलं. मैसूरची पोर ती, आईला अम्मा म्हणायची आणि बाकीचं अर्धं कानडीत.

"आई म्हण," सोयराबाई देवघरातून म्हणाल्या. "आणि जायंट व्हील काय? मराठीत सांग."

"मराठीत काय म्हणतात?"

"पाळणा," तुळसी म्हणाली. "मोठा पाळणा."

ह्या मराठीचीही एक गंमत सांगायला हवी. हे लोक मैसुरात कधी आले, कुणाला नीट सांगता येत नाही. घरात विठ्ठल, घरात मराठी, आणि मराठीच्या प्रत्येक वाक्यात दोन शब्द कानडी. पण सोयराबाईंची नणंद जानकीबाई सोलापूरला दिलेली. दर गुरुवारी हरिपाठ झाला की तिचा फोन यायचा. एकदा मुक्ता तिच्याशी बोलताना "नाळे बरतीनि", म्हणजे उद्या येते, असं काहीतरी म्हणाली, आणि जानकीबाई फोनवर खो खो हसल्या. "वहिनी, तुमच्या नाती पार कानडी झाल्या की हो." सोयराबाईंना ते असं झोंबलं, की त्या दिवसापासून नियम झाला. सोलापूरच्या आत्याआजीशी बोलताना एक शब्द कानडी नाही, एक शब्द इंग्रजी नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि ती घरात फक्त तुळसीला ठाऊक होती. जनीच्या वेळी तिला इतका रक्तस्राव झाला होता, की निवृत्ती रक्तासाठी सगळ्या गल्लीच्या दारात फिरला. शुद्ध आल्यावर तिनं पहिलं वाक्य ऐकलं ते असं, "असू दे, पुढच्या खेपेला मुलगा होईल." तुळसीनं तेव्हाच मनाशी ठरवलं की पुढची खेप नाही. जनी दीड वर्षाची झाल्यावर तिला लस द्यायला म्हणून ती दवाखान्यात गेली, आणि तिथल्या नागरत्ना नर्सला सांगून तांबी बसवून आली. नर्स म्हणाली, "दहा वर्षं काळजी नको." साडेतीन वर्षं झाली होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, सासूला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. दर महिन्याला सोयराबाई तिच्याकडे बघायच्या, नि मग विठ्ठलाकडे बघायच्या. बोलायच्या काही नाहीत. तुळसीला ते न बोलणंच जड जायचं.

तर त्या गुरुवारी फोन आला. सोयराबाई निरांजन विझवत होत्या, तुळसी हुक लावत होती. मुक्तानं फोन उचलला आणि पाठ केल्यासारखी ताठ उभी राहून शुद्ध मराठी बोलायला लागली. तुळसीनं ते ऐकलं, आणि तिला कौतुकच वाटलं. तिकडून जानकीबाई काय विचारतायत ते मात्र तिला ऐकू येत नव्हतं.

"आम्ही बऱ्या आहोत आत्याआजी. आईनं पाळणा ठरवलाय."

"..."

"पाळणा. मोठा. आई म्हणाली, तुम्ही लहान होतात म्हणून थांबले, आता यंदा चुकवायचा नाही."

"..."

"बाबा म्हणाले, तुझं तू बघ. आज्जीला ठाऊक आहे, आज्जीनंच पंचांग बघितलं."

"..."

"हो, दिवस गेले. खूप गेले. आता सहाच राहिले."

मुक्ता कॅलेंडरवरच्या खुणा बघत होती. गुरुवार ते बुधवार, सहा दिवस. पण सोलापूरला बसलेल्या बाईला मैसूरच्या भिंतीवरचं कॅलेंडर कसं दिसणार? नऊतले सहा राहिले म्हणजे तीन सरले, हा हिशेब करायला जानकीबाईंना बोटंही मोडावी लागली नाहीत. त्यांनी सोयराबाईंना फोनवर बोलावलं.

सोयराबाईंनी फोन कानाला लावला आणि त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल झाला, मग असा उजळला की तुळसीनं सुई बाजूला ठेवली. "हो हो," सोयराबाई म्हणत होत्या. "सांगणारच होते वन्सं तुम्हाला. म्हटलं तिसरा पुरा होऊ दे, मग सांगू." घरातली बातमी नणंदेला आपल्याआधी कळली, हे कबूल करायला सोयराबाई काही खुळ्या नव्हत्या. आणि एकदा "हो" म्हटल्यावर सुनेला "खरंच का गे?" असं विचारायची सोय राहिली नाही. सगळं पुढचं रामायण त्या एका "हो"मधून निघालं.

शुक्रवारी सकाळी तुळसी उठली तर पाणी भरून झालेलं होतं. घागर उचलायला गेली तर सोयराबाईंनी हातातून काढून घेतली. केशर घातलेलं दूध समोर आलं. "पी," त्या म्हणाल्या. तुळसीला वाटलं, मे महिन्याचं काम बघून सासूला दया आली असेल. दूध फार चांगलं होतं. ती ते प्याली आणि ओट्याशी टेकून दोन मिनिटं नुसती बसली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं.

दुपारी देवळातून पेढे आले. मागोमाग येसाजीरावांची बायको वनजा आली. समोरच्या चाळीतली, आणि जिच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात पोचतं अशी. तिनं तुळसीच्या हनुवटीला हात लावला. "अय्यो, आम्हाला परकं केलंस अल्वा? तीन महिने झाले नि एक शब्द नाही."

"कशाचे तीन महिने?"

वनजा सोयराबाईंकडे बघून हसली आणि सोयराबाई वनजाकडे बघून हसल्या. तुळसीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तसलं काही नाही," ती सासूकडे वळून म्हणाली. "अम्मा, तसं काही नाहीये. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सरि सरि," सोयराबाई म्हणाल्या, आणि वनजाला डोळ्यांनी खुणावलं. "नाही तर नाही."

वनजा जिना उतरता उतरता म्हणाली ते तुळसीला स्पष्ट ऐकू आलं. "दोन पोरींवर मुलगा असला की बायका लपवतात. नजर लागते ना."

संपलं. तिनं नाही म्हटलं तो नजरेचा भेव. पुन्हा नाही म्हटलं ती लाज. तिसऱ्यांदा चिडून म्हटलं तेव्हा सोयराबाई कौतुकानं म्हणाल्या, "निवृत्तीच्या वेळी मीही अशीच चिडायची." ज्या बाईचं "नाही" हेच "हो" धरायचं ठरलंय, तिनं करायचं तरी काय? तुळसीनं मुक्ताला जवळ घेऊन फोनवर काय बोललीस ते शब्द न् शब्द विचारलं, आणि तिला सगळं कळलं. पाळणा आणि दिवस. पोरीनं एक शब्दही चुकीचा वापरला नव्हता. रागवायचं कुणावर?

हे सांगून टाकायला दोन मिनिटं पुरली असती. पण सोयराबाई हसून म्हणाल्या असत्या, बरं, चूक झाली, आणि मग पुढचं विचारलं असतं. जनीनंतर पाच वर्षं का नाही? आणि तिथं तुळसीपाशी उत्तर होतं, तेच तर भय होतं. म्हणून ती आधी नवऱ्याकडे गेली.

शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. निवृत्ती खडूनं कापडावर खुणा करत होता. तुळसीनं त्याला फोनची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. निवृत्ती मनाचा वाईट नाही, हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून कुणाला तसं वाटेल. हसून झाल्यावर तो खडू हातात तसाच धरून बसला.

"अम्माला इतकं खुशीत मी कधी बघितलं नाही गं," तो म्हणाला. "पहाटे उठून ओव्या म्हणते."

"म्हणून काय? तिला सांगा तुम्ही."

"सांगतो की. पण घाई काय आहे? राहू दे चार दिवस. कुणी सांगावं, खरंच होईल." मग खाली बघत म्हणाला, "तसंही जनीला पाच वर्षं झाली. एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवंच ना? अम्मानं बुधवारी दहाची वेळ घेतलीय."

"बुधवारी पार्क आहे."

"पार्क कुठं पळून जातंय?"

तुळसी वर आली. जिन्याच्या तेरा पायऱ्या चढताना तिला धाप लागली. डॉक्टरीणबाई तपासणार, पोटाचा फोटो काढणार, आणि तांबी दिसणार. तेही सासूच्या देखत, परक्या बाईच्या तोंडून कळणार. आणि पार्क म्हणावं तर पार्कही गेलं. सोयराबाईंनी कॅलेंडरवरची बुधवारची खूण कधीच पुसली होती. "पोटुशी बाई पाळण्यात बसते काय? पाळणा बेडा, नको. पुढच्या वर्षी चौघं जाऊ," असं त्यांनी मुक्ताला सांगितलं होतं. चौघं! त्यांनी नातवालाही धरून टाकलं होतं.

पोरींनी रडून घर डोक्यावर घेतलं. जनीला अजूनही पार्क म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ते गेलं एवढं कळलं होतं. आणि तुळसीला रविवारी गव्हाची खीर मिळाली, सोमवारी डोक्याला तेल मिळालं. सोयराबाईंनी आपल्या हातानं लावलं. त्यांच्या बोटांत एवढी माया असेल असं तिला नऊ वर्षांत वाटलं नव्हतं. तेल लावता लावता सोयराबाई म्हणाल्या, "मला पाच झाली. दोन राहिली. तीन गेली, ती कशी गेली ते मी कुणाला सांगत नाही." तुळसी डोळे मिटून बसली. घर चारी बाजूंनी प्रेमानं जवळ जवळ येत होतं, आणि तिला श्वास घेता येईना. कुणी मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर ओरडता तरी आलं असतं.

मंगळवार, एकादशी. सोयराबाईंचा निर्जळी उपास. संध्याकाळी, वार नसताना, सोलापूरहून फोन आला. जानकीबाईंना राहवत नव्हतं. सोयराबाई जप करत होत्या, म्हणून फोन पुन्हा मुक्तानंच घेतला. पोर फुरंगटलेली होती, तरी नियम मोडला नाही. शुद्ध मराठीत म्हणाली, "आत्याआजी, आमचा पाळणा रद्द झाला."

तिकडून काय आलं ते ऐकू आलं नाही.

"आज्जीनं केला. आज्जीला नको म्हणे. उद्या आईला डॉक्टरकडे नेणार. मी आणि जनी खूप रडलो."

यानंतर मात्र जानकीबाईंचा आवाज फोन कानाला न लावताही खोलीभर ऐकू आला. "दे आजीकडे! दे आधी!" सोयराबाईंनी माळ खाली ठेवून फोन घेतला, आणि सोलापूरची बाई त्यांच्यावर तुटून पडली. "वहिनी, लाज नाही वाटत? विठ्ठलाचं नाव घेता नि पोटातला जीव पाडता? मुलगी निघाली म्हणून ना? तपासून घेतलंत ना तुम्ही? सरकारनं बंदी केली तरी तुमची हौस भागत नाही? एकादशीच्या दिवशी!"

"वन्सं, काय बोलताय? कोण पाडतंय?" सोयराबाईंनी खांबाचा आधार घेतला. उपाशी पोटी त्या म्हाताऱ्या बाईला धड उभंही राहता येईना. "अहो, माझ्या जिभेला कीड पडो... मी कशाला..."

आणि तुळसीला ते बघवेना. जिच्यापायी पाच दिवस तिचा जीव गुदमरला होता, त्या सासूवर असला आळ येतोय हे तिला सोसवलं नाही. तिनं सोयराबाईंच्या हातातून फोन काढून घेतला.

"आत्याबाई, मी तुळसी. अम्मांना काही बोलू नका. पाळणा म्हणजे पार्कमधलं मोठं चाक. जत्रेत असतं ना, ते. पोरींना त्यात बसवायला मी नेणार होते. गेले ते कॅलेंडरवरचे दिवस. मला दिवस गेले नाहीत."

पलीकडे जानकीबाई खाकरल्या. "अगंबाई. बरं बरं. पोरीनं घोळच केला म्हणायचा. जाऊ दे, आज नाही तर उद्या जातील."

खरं तर तिथं "हो" म्हणून फोन ठेवता आला असता. सगळं मिटलं असतं. पण समोर सोयराबाई खांबाला धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर तुळसीला कधीच बोलता येणार नव्हतं. फोनमधली बाई दोनशे कोसांवर होती. तिला सांगणं सोपं होतं.

"उद्याही नाही जाणार, आत्याबाई. मी तांबी बसवून घेतलीय. जनी दीड वर्षाची होती तेव्हाच. मला तिसरं मूल नको."

तिनं फोन ठेवला. सोयराबाई खाली बसल्या.

"निवृत्तीला ठाऊक आहे?"

"नाही."

"साडेतीन वर्षं मी रोज देवाला विचारते, ह्या पोरीत काय कमी आहे. आणि तू स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होतीस." त्यांचा आवाज चढला नाही. "उद्या डॉक्टरीणबाईकडे जायचं ते जायचंच. काढून घ्यायला."

निवृत्ती वर आला तेव्हा त्याला सोयराबाईंनीच सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. रागावेल असं तुळसीला वाटलं होतं, पण तो रागावला नाही. "मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"दहाला तयार राहा," एवढं म्हणून तो जिना उतरला.

बुधवारी तुळसीनं पहाटेच उठून पुळियोगरे केलं. पोरींच्या वेण्या घातल्या, फ्रॉक घातले, आणि आठाच्या आत त्यांना घेऊन खाली उतरली. सोयराबाई देवासमोर बसल्या होत्या, त्यांनी मान वळवली नाही. दुकानात युनिफॉर्मला आलेल्या तिघीचौघी बायका होत्या, आणि त्यांच्यात वनजा. निवृत्तीनं मशीन थांबवलं.

"कुठं निघालीस?"

"पाळण्यात बसायला."

"अय्यो, पोटुशी बाई पाळण्यात?" वनजा म्हणाली आणि निवृत्तीकडे बघितलं. "तुम्ही तरी सांगा की हो."

तुळसीनंही त्याच्याकडे बघितलं. नाही, ती पोटुशी नाही, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. चार शब्द. निवृत्तीनं कापड सरळ केलं, सुईखाली धरलं आणि पाय मारायला लागला. तुळसी पोरींचे हात धरून रस्त्यावर आली. बसस्टॉपपर्यंत प्रत्येक दारातल्या बाईची नजर तिच्या पोटावर होती. ती चालत राहिली.

स्वप्नलोकात सगळं वहीत लिहिलं होतं तसंच झालं. आधी पाणी, मग झुकझुकगाडी, मग मुक्ता एकटी एका खेळात आणि जनी बाहेर भोकाड पसरून. तुळसी हसली, भिजली, तिची चप्पल एकदा पाण्यात वाहून गेली आणि जनीनं ती पकडून आणली. पण फोन पिशवीत सारखा वाजत होता, आणि ती तो बाहेर काढत नव्हती. दुपारी चाकाच्या रांगेत उभी असताना तिनं तो उघडला. निवृत्तीनं लिहिलं होतं, "आजची वेळ गेली. उद्या अकराची घेतली आहे. अम्मानं पारणं केलं नाही. तू येईपर्यंत तोंडात काही घालणार नाही म्हणते."

कालपासून निर्जळी म्हातारी. तुळसीच्या डोळ्यांसमोर ती देवासमोर बसलेली पाठ आली. घरी गेल्यावर आधी तिला जेवायला वाढावं लागणार, आणि ती जेवायच्या आधी एकच गोष्ट मागणार. पळून जायला ती काही कुठल्या दुसऱ्या गावाला आली नव्हती, हूटगळ्ळीपर्यंत आली होती. संध्याकाळी सहाची बस तिला परत त्याच गल्लीत सोडणार होती.

"अम्मा, आपला नंबर," मुक्ता म्हणाली.

त्या तिघी पाळण्यात चढल्या. दांडा लावायला एक मुलगी आली, विशीतली, खाकी टोपी घातलेली, कंटाळलेली. दर वेळी विचारायचंच असतं म्हणून तिनं तुळसीच्या तोंडाकडेही न बघता कानडीत विचारलं, "अक्का, बसुरी नाही ना?"

पोटुशी आहेस की नाहीस, हे सहा दिवसांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, वनजानं नाही, सोलापूरनं नाही.

"इल्ला," तुळसी म्हणाली.

"सरि," ती मुलगी म्हणाली, दांडा खट्कन लावला आणि पुढच्या पाळण्याकडे गेली. तिनं पुन्हा विचारलं नाही, पोटाकडे बघितलं नाही, हसलीही नाही. तुळसीचं "नाही" तिनं नाही म्हणूनच घेतलं होतं.

चाक हललं. तुळसीनं दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तिला असं रडू फुटलं की आवरता आवरेना. मुक्ताला वाटलं, आई उंचीला घाबरली. तिनं आईच्या हातावर हात ठेवला आणि अगदी शुद्ध मराठीत म्हणाली, "घाबरू नकोस, आई. थोड्या वेळानं खाली उतरवतात."